रॅचेल कार्सन

अमेरिकेत एक थोर लेखिका होऊन गेल्या. त्यांचे नाव रॅचेल कार्सन. एका ठिकाणी फवारलेले औषध तिथेच राहत नाही, ते शेजाऱ्याच्या बागेत जाते, ओढ्यातही जाते, हे त्यांनी पुराव्यासकट जगाला सांगितले.

रॅचेलबाईंचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची ६५ एकर जमीन होती पण पैशाची ओढाताणच असे. आई त्यांना रानात हिंडायला न्यायची, पाखरे आणि किडे दाखवायची. त्यांना लिहिण्याचा फार नाद. अकराव्या वर्षी त्यांची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. म्हणजे आपल्यापेक्षा एकाच वर्षाने मोठ्या होत्या बघा!

पुढे त्या प्राणिशास्त्र शिकल्या. १९३५ साली वडील वारले, मग थोरली बहीण वारली. आई आणि बहिणीच्या दोन मुली, सगळ्यांचा भार त्यांच्यावर आला. त्यांनी सरकारच्या मत्स्य खात्यात नोकरी केली. १९५१ साली समुद्रावरचे त्यांचे पुस्तक खूप खपले, तेव्हा नोकरी सोडून त्या नुसते लिहू लागल्या.

त्या काळी डीडीटी नावाच्या औषधाचे सगळ्यांना फार कौतुक होते. त्याने डास, उवा, अळ्या मरत. त्याचा गुण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला १९४८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. मग काय, लोक ते शेतावर, झाडांवर, गावांवर विमानाने मारू लागले.

१९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर पतंगाच्या अळ्या मारायला सरकारी विमाने आली. डीडीटी तेलात कालवलेले होते. तिथे मार्जोरी स्पॉक नावाच्या बाई आपल्या मैत्रिणीबरोबर राहत. मैत्रीण आजारी असे, म्हणून त्या दोघी औषध न मारता भाजीपाला पिकवत आणि तोच खात. विमाने त्यांच्या बागेवरूनही गेली. सगळी भाजी वाया! विचारले कोणी? कोणीच नाही. शेजाऱ्यांना घेऊन त्या कोर्टात गेल्या पण खटला हरल्या.

त्याच वर्षी डक्सबरी गावात डासांसाठी फवारणी झाली. ओल्गा हकिन्स या बाईंच्या अंगणात गाणारी सात पाखरे मेली. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि त्याची नक्कल रॅचेलबाईंना पाठवली. स्पॉकबाईंनीही खटल्याचे कागद पाठवले. रॅचेलबाईंनी ते सगळे वाचून काढले.

औषध उडते कसे ते सांगतो. मोठा थेंब जड असतो, तो पटकन खाली पडतो. बारीक थेंब धुक्यासारखा तरंगतो आणि वारा नेईल तिकडे जातो. बांध माणसाला कळतो, वाऱ्याला नाही. आमच्या घरामागे कपाशीचे वावर आहे. तिथे पंप सुरू झाला आणि वारा आमच्याकडचा असला की आई वाळत घातलेले कपडे आत आणते. पण परसातली मेथी आणि वालाचा वेल आत कसा आणणार?

रॅचेलबाईंनी चार वर्षे खपून पुस्तक लिहिले. तेव्हा त्यांना कर्करोग झाला होता. भाचीही वारली होती, तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला त्यांनी दत्तक घेतले होते. आजारपण, लहान मूल आणि वर लिहिणे! मला तर हे वाचून फार नवल वाटले. १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' छापून निघाले. त्याचा अर्थ मुका वसंत, म्हणजे ज्या वसंतात पाखरे बोलत नाहीत तो.

औषधाचे कारखानदार चिडले. बाईमाणसाला यातले काय कळते, असेही लोक बोलले. बाई काही भ्यायल्या नाहीत. सगळी औषधे बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. जपून वापरा, माहिती करून घेऊन वापरा, एवढेच त्या सांगत. जून १९६३ मध्ये त्या अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे गेल्या. दुसऱ्याने मारलेले विष आपल्या घरात येऊ नये, हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे त्यांनी तिथे मांडले. हेच तर स्पॉकबाई कोर्टात मागत होत्या.

१४ एप्रिल १९६४ रोजी रॅचेलबाई वारल्या. वय अवघे ५६. अमेरिकेने १९७२ साली शेतीसाठी डीडीटी वापरायला बंदी केली. डीडीटीमुळे तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या अंड्यांचे कवच पातळ होई आणि अंडी फुटून जात. बंदीनंतर पिल्ले जगू लागली. २००७ साली धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीतून त्या गरुडाचे नाव काढून टाकले.