आठ वाद्यांची रचना

लुडविग व्हान बीथोव्हन याचा जन्म १७७० साली जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन या गावी झाला. आजोबा व वडील दोघेही तेथील दरबारात गायक होते. लुडविगही लहान वयातच दरबारी वादक झाला. बॉनचा अधिपती मॅक्सिमिलियन फ्रान्झ संगीताचा मोठा चाहता होता. त्याच्या भोजनप्रसंगी सुषिर वाद्ये वाजत. १७९२ च्या सुमारास बीथोव्हनने या वादकांसाठी एक रचना केली. तीत दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून आणि त्यांच्या जोडीला दोन हॉर्न होते.

त्याच वर्षी तो श्रेष्ठ संगीतकार हायडन यांच्याकडे शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेला. खर्च दरबाराकडून मिळत असे. पण तो पुरत नसे. तेथे त्याने बॉनची ती रचना पुन्हा हाती घेतली व सुधारून लिहिली. १७९३ च्या नोव्हेंबरात हायडन यांनी शिष्याच्या काही रचना अधिपतीकडे पाठवल्या आणि वेतन वाढवण्याची विनंती केली. त्यांत ही रचनाही होती, असे अभ्यासक मानतात. उत्तर आले ते कोरडे होते. एक फ्यूग वगळता सारे बॉनमध्येच रचले व वाजवले गेले होते; मग शिष्याची प्रगती ती कोणती? त्याने परत यावे हे बरे, असाही सूर त्यात होता. सुरावटी ओळखीच्या होत्या हे खरेच. परंतु एकच कल्पना पुनःपुन्हा घासून पाहणे हाच बीथोव्हनचा स्वभाव होता, हे अधिपतीच्या ध्यानी आले नाही.

१७९४ साली वेतन थांबले. त्याच वर्षी फ्रेंच सैन्याने बॉन घेतले आणि तो दरबारही उरला नाही. बीथोव्हन मात्र व्हिएन्नातच राहिला. १७९५ साली त्याने तीच रचना तिसऱ्यांदा उघडली. या वेळी दोन व्हायोलिन, दोन व्हिओला व एक चेलो अशी पाच तंतुवाद्ये त्याने योजली. हे काम केवळ नकलेचे नव्हते. फुंकणाऱ्याला श्वास घेण्यासाठी थांबावे लागते, शिवाय त्या काळच्या हॉर्नमधून मोजकेच स्वर सहज निघत. तारांना ही अडचण नसते. म्हणून त्याने कित्येक भाग वाढवले, काही सांधे नव्याने जुळवले. १७९६ साली ही रचना चौथी कृती म्हणून छापली गेली.

मूळ रचना कागदांतच राहिली. १८२७ साली बीथोव्हनचे निधन झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी ती प्रसिद्ध झाली. पुढे तिला १०३ हा क्रमांक मिळाला. त्यावरून ती उतारवयातील असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती लिहिणारा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता.