मौलाना आझाद : लेखणीतून घडलेले वक्ते

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफ येथे झाला. आई अरब, त्यामुळे घरची बोली अरबी. उर्दू त्यांनी पुढे कलकत्त्यात मेहनतीने कमावली. वालिदांनी मुलाला शाळेत घातलेच नाही, सारी तालीम घरी. वक्तृत्वस्पर्धा नाहीत की बक्षिसे नाहीत. उंच जागी उभे राहून भाषण ठोकायचे आणि बहिणींनी टाळ्या वाजवायच्या, हा त्यांचा आवडता खेळ! (आपल्या घरी अशा मुलाला आपण गप्प बसवतो.)

१९०३ मध्ये, जेमतेम पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी ‘लिसानुस्सिद्क’ हे उर्दू नियतकालिक काढले. अंक काढायचा म्हणजे वाचन आणि लेखन आलेच. पुढल्याच वर्षी लाहोरच्या अंजुमन हिमायत-ए-इस्लामच्या जलशात ते बोलले, तेव्हा हा कोवळा मुलगाच संपादक आहे हे मौलाना हालींसारख्या बुजुर्गांना खरे वाटेना. १९१२ साली ‘अल-हिलाल’ने तर सरकारची झोप उडवली. १९४७ पासून १९५८ मध्ये इंतकाल होईपर्यंत ते देशाचे शिक्षणमंत्री होते.

ऑक्टोबर १९४७. दंगलींनी हादरलेले दिल्लीचे मुसलमान बिऱ्हाडे बांधून निघाले होते. जामा मशिदीतून मौलाना त्यांच्याशी बोलले. त्या दिवशी अनेकांनी बांधलेले सामान पुन्हा सोडले.