गाडगेबाबांचा खराटा आणि बाळाचे पहिले वर्ष

बारसे म्हणजे बाळाच्या आयुष्यातला पहिला समारंभ. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका परीट कुटुंबात मुलीचे बारसे होते. रीतीप्रमाणे भावकीला मटण आणि दारू द्यायला हवी होती. बापाने ती रीत मोडून गोड जेवण वाढले. भावकी नाराज झाली, पण बाप बधला नाही. हा बाप म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, पुढचे संत गाडगेबाबा.

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडे आली. मामाकडे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात जाताना त्याने पाहिली. दारू, कर्ज आणि निरक्षरता घराला कशी पोखरते, हे त्याला घरातच कळले.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि खायला-प्यायला मातीचे फुटके गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते, गटारे आणि नदीकाठ झाडायचा, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढत. नवसाला कोंबडे-बकरे कापू नका, दारू सोडा, लग्नासाठी कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश असे.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूची ओळख पक्की केली, तेव्हा डेबूजी आठ वर्षांचा होता. त्या काळी जत्रा-यात्रांतून कॉलरा गावोगाव पसरे. पुढे बाबांनी ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. जंतुशास्त्र न शिकलेला हा माणूस नेमका तिथे झाडत होता, जिथे रोग पसरत होता.

याचा बाळाच्या वाढीशी काय संबंध? निरोगी बाळाचे जन्माचे वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला साधारण तिप्पट होते. उंची ५० सेंटिमीटरवरून ७५ च्या आसपास जाते. दोन महिन्यांत बाळ ओळखीचे हसते, चार महिन्यांत मान धरते, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते, वर्षाच्या सुमारास पाऊल टाकते. पहिले सहा महिने आईच्या दुधावर वाढ छान होते. मग अनेक बाळांच्या वजनाची रेघ सपाट होते. एक तर वरचे अन्न म्हणून वरणाचे नुसते पाणी दिले जाते. दुसरे म्हणजे बाळ रांगू लागते आणि अंगणातली माती, कोंबडीची विष्ठा हाताबरोबर तोंडात जाते. वारंवार जुलाब होतात. जुलाब नसले तरी घाणीमुळे आतड्याच्या आतल्या थराला सूज राहते आणि खाल्लेले अंगी लागत नाही.

बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमधल्या मोठ्या अभ्यासांत कुटुंबांना संडास आणि हात धुण्याची सोय दिली, तरी तेवढ्याने बाळांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने थोडा फरक पडला. म्हणजे आपले घर झाडून भागत नाही. शेजारचा उकिरडा आणि उघडे गटार आपल्याही बाळाच्या पोटात शिरते. बाबा एखादे घर झाडत नसत, अख्खे गाव झाडत. त्यातले शहाणपण आज कळते.

घरी काय करावे? सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही पाणी, मध, घुटी नको. त्यानंतर घट्ट कालवलेला वरणभात तेल-तूप घालून, अंडे, भाजी, फळ द्यावे आणि दूधही चालू ठेवावे. भरवण्यापूर्वी आणि बाळाची शी काढल्यावर साबणाने हात धुवावेत. बाळाची शी निरुपद्रवी समजून अंगणात टाकू नये. जुलाब लागल्यास दूध बंद न करता ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करावे. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, तर दृष्ट काढत बसू नये, दवाखान्यात यावे. लसी वेळेवर घ्याव्यात. त्यात जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरस लसही आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच बाबांचे निधन झाले. आज अमरावतीचे विद्यापीठ आणि राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुण्यतिथीला आपण फोटोला हार घालतो, खराटा घेऊन फोटोही काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खराटा घेऊन अंगणवाडीसमोरचे गटार मोकळे केले, तर त्या गावातल्या रांगत्या बाळांना त्याचा खरा उपयोग होईल.