टाळ्या ऐकू न येणारा स्टार

समजा, तुम्ही बेसबॉलच्या मॅचमध्ये बॅटिंगला उभे आहात. बॉल आला, तुम्ही सोडलात. मागून अंपायर ओरडला, पण स्ट्राइक म्हणाला की खराब बॉल, ते तुम्हाला ऐकूच आलं नाही. विचारायला मागे वळलात, तर तेवढ्यात पिचरने पुढचा बॉल टाकलासुद्धा! विल्यम हॉयसोबत हे सारखं व्हायचं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हॉकटाउन या खेड्यात १८६२ मध्ये तो जन्मला. तीन वर्षांचा असताना मेनिंजायटिस झाला आणि ऐकू येणं बंद झालं. कोलंबसच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत तो पहिला आला. पण शिकून केलं काय? तर गावात बूट दुरुस्तीचं दुकान! फावल्या वेळात पोरांसोबत बेसबॉल चालू होतंच. १८८६ मध्ये तो ओशकोशच्या टीममध्ये गेला, प्रोफेशनल झाला.

अंपायरच्या प्रश्नावर त्याने साधा तोडगा काढला. तिसऱ्या बेसजवळच्या कोचशी खुणा ठरवल्या. स्ट्राइक असेल तर उजवा हात वर, खराब बॉल असेल तर डावा. अंपायरचे हातवारे त्याच्यामुळेच सुरू झाले असं अनेकदा सांगतात. ते सिद्ध झालेलं नाही, पण त्याची स्वतःची अडचण मात्र सुटली.

तो आउटफिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला फिल्डर. तिथे दोघं एकाच कॅचमागे धावले की टक्कर ठरलेली. त्यावरही उपाय होता. कॅच त्याचा असेल तर तो घशातून बारीक आवाज काढायचा. आवाज आला नाही, तर कॅच दुसऱ्याचा.

१८८८ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच सीझनला त्याने ८२ बेस चोरले. तेव्हा मोजणीचे नियम सैल होते, तरी नॅशनल लीगमध्ये तोच अव्वल होता. पुढच्या वर्षी एकाच मॅचमध्ये लांबून थेट थ्रो करून त्याने होम प्लेटवर तिघांना आउट केलं. १९०१ मध्ये शिकागोच्या टीमसोबत अमेरिकन लीगही जिंकली. १९०२ मध्ये मोठ्या लीगमधून तो बाहेर पडला, तेव्हा नावावर दोन हजारांहून जास्त हिट्स होत्या.

लोक त्याला ‘डमी’ म्हणायचे. तेव्हा बहिऱ्या खेळाडूंना सर्रास हेच नाव चिकटवलं जायचं. आज ते शिवीसारखं वाटतं, पण तो स्वतःही ते वापरायचा. त्याच प्रेक्षकांना हेही कळलं होतं की टाळ्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून ते उभे राहून हात आणि हॅट हलवायचे.

ऑक्टोबर १९६१ मध्ये सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या मॅचचा मानाचा पहिला बॉल टाकायला ९९ वर्षांच्या हॉयला बोलावलं. दोन महिन्यांनी तो गेला. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला अजून जागा मिळालेली नाही. तुमच्या वर्गात, टीममध्ये कुणी असा असेल, तर त्याला काय जमत नाही हे मोजण्याआधी कुठली खूण लागते ते विचारा. हॉयला एक वर केलेला हात पुरला होता.