शेठ वालचंद गेले आणि त्यांच्या कंपनीची फियाट रेसमध्ये धावली

डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रोडवर प्रीमियरचा कारखाना होता. ही कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी.

जन्म १८८२, सोलापूर. आधी रेल्वेची कंत्राटं, १९१९ ला सिंधिया जहाज कंपनी, १९४० ला बंगळुरूत विमानाचा कारखाना. पण त्यांना मोटारही इथेच बनवायची होती. क्रायस्लरशी बोलणी झाली, तरी युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली आणि कुर्ल्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

८ एप्रिल १९५३ ला शेठ गेले. त्यानंतर आली १०८९ सीसीची फियाट ११००. टॅक्सी झालेली हीच गाडी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर रेसमध्येही धावली.

रेसचे क्लास बहुतेकदा सीसीवर ठरतात. पण सीसी तेवढीच ठेवून सिलेंडर हेडचे पोर्ट घासले, कार्बोरेटर मोठा लावला, की इंजिनात हवा-पेट्रोल जास्त जातं आणि ताकद वाढते. म्हणून 'स्टॉक' क्लासचे नियम कंपनीच्याच हेड आणि कार्बोरेटरवर अडून बसतात.

असे अस्सल पार्ट परवडायला हवेत तर ते देशातच बनायला हवेत. वालचंदशेठचा हट्ट तोच होता. पुढे हे इंजिन भारतातच बनू लागलं. ते पाहायला मात्र शेठ नव्हते.