असाही एक राजा

माझं गाव आरोंदा. तेरेखोल खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गोवा. गाव पूर्वी सावंतवाडी संस्थानात होतं, त्यामुळे आजीच्या तोंडी अजून बापूसाहेब महाराजांचं नाव असतं. महाराज १९३७ मध्येच गेले, आजीने त्यांना पाहिलेलंही नाही. पण तिच्या आईने सांगून ठेवलंय, राजा असावा तर असा.

मी कॉन्व्हेंटचा. माझा इतिहास म्हणजे मॅग्ना कार्टा. १२१५ साल, इंग्लंडचा राजा जॉन, उलटलेले सरदार आणि राजालाही कायद्याखाली आणणारा एक कागद. (जॉनने काही आठवड्यांतच पोपकडून तो रद्द करवून घेतला, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही!) सुट्टीत हे आजीला सांगितलं, तर तिने विचारलं, राजा चांगला असेल तर कागद कशाला? मी गप्प.

उत्तर सापडलं ते औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या चरित्रात.

भवानराव १८६८ चे. बी.ए. झालेले, स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे इतके वेडे की सगळ्या प्रजेला त्यांनी नमस्कार घालायला लावले. १९०९ मध्ये गादीवर आले. मेकॅनिकलवाल्यांनी तर त्यांचा फोटोच लावावा. बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळ माळावरची जागा त्यांनीच दिली. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९३८ च्या अखेरीस, सत्तरीत, या राजाने जाहीर केलं की सत्ता प्रजेला देणार. मुलगा आप्पासाहेब बॅरिस्टर होऊन परतला होता. त्याच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा माणूस, तोही इलेक्ट्रिकल इंजिनिअर! (म्हणजे आपण सर्किट सोडून राज्यघटनाही काढू शकतो.) सेवाग्रामला गांधीजींचा सल्ला घेऊन मसुदा ठरला आणि जानेवारी १९३९ मध्ये लागू झाला. खाली गावोगावच्या निवडून आलेल्या पंचायती, त्यांच्यातून तालुका, त्यावर विधिमंडळ. गावचे तंटे गावातच मिटवायचे. खजिना राजाच्या मर्जीचा राहिला नाही, त्याच्या खाजगी खर्चालाही मर्यादा आली. त्याच वर्षी आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत स्वतंत्रपूर सुरू झाली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला.

कोणी म्हणेल, संस्थान केवढं, जेमतेम ७२ गावं, तीही विखुरलेली, आणि डोक्यावर इंग्रज. सोडण्यासारखं होतंच काय? मला हे पटत नाही. आमच्या मेसच्या सेक्रेटरीला कोठीची चावी सोडवत नाही, इथे तर अख्खी गादी होती. आणि जॉनच्या मानेवर सरदारांची तलवार होती, भवानरावांच्या मानेवर कोणाचीच नव्हती.

शिवाय आजीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच संस्थानात होतं. बापूसाहेब गेले तेव्हा वारस लहान मूल होता. राजाचा चांगुलपणा त्याच्याबरोबर जातो, तो गादीबरोबर वारसाला मिळत नाही. कागद मागे राहतो. औंधचा कागदही फार टिकला नाही म्हणा, १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. पण तोवर नऊ वर्षं गावं स्वतःचा कारभार बघत होती. भवानराव १९५१ मध्ये गेले.

हे सगळं परवा आजीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिचं म्हणणं, आमच्या महाराजांनीसुद्धा लिहून दिलं असतं, कोणी मागितलंच नाही.