मी कुदळ लपवली होती

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. गेल्या वर्षी 'कमवा व शिका' योजनेत नाव घातले आणि रोज सकाळी बागेत काम करू लागलो. एके दिवशी वर्गातील मुले समोरून येताना दिसली आणि मी चटकन कुदळ झुडपाआड टाकली. त्या लाजेतून मला बाहेर काढले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनकथेने.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकूनही ते मॅट्रिक झाले नाहीत. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. अज्ञानामुळे नागवला जाणारा शेतकरी त्यांनी जवळून पाहिला. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व हाताने कामे करीत. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. गरिबाचा मुलगा तेथे श्रम करून पदवीधर होऊ लागला. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले.

मला वाटते, अण्णांच्या लेखी श्रम म्हणजे केवळ फीची सोय नव्हती, तो अभ्यासाचाच एक विषय होता. एकत्र राबताना जात गळून पडते आणि कमावून शिकणाऱ्याला कोणापुढे वाकावे लागत नाही. आज आम्ही मात्र हजेरीपटावर सही करतो, तास भरतो आणि मोकळे होतो. आमच्या बागेचा जमाखर्च अर्थशास्त्राच्या तासाला का मांडू नये? तिथल्या मातीवर भूगोलाचा पाठ का होऊ नये? गुरुजनांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपते. तिच्या मजुरीवरच माझे पहिले वर्ष पार पडले. त्या दिवशी मी नुसती कुदळ लपवली नव्हती, आईलाच लपवले होते. आता कोणीही समोरून येवो, माझी कुदळ हातातच असते.